पाण्यातली छत्री

आम्ही कसबा पेठेतून बोलतोय. कसबा म्हटलं की लोकांना गणपती, तांबट आळी, कुंभारवाडा आठवतो. पण पेठेच्या कडेनं मुठा वाहते आणि नदीकाठच्या पेठांत भोई समाजाची जुनी घरं आहेत. पालखी वाहणारे भोई, तसे नदीत जाळं टाकणारेही भोईच. आमच्या मुठेचं पाणी मुळेला मिळतं, मग भीमेला, आणि शेवटी उजनीच्या जलाशयात जातं. मासेमारी आता तिथे मोठी. म्हणून वाऱ्यात होडी वाहवत जाऊ नये यासाठी माणसानं काय काय केलं, ते आज सांगतो.

सगळ्यात जुना उपाय नांगराचा. शेतातला आणि होडीचा, आपल्याकडे शब्द एकच. विजयदुर्ग, सिंधुदुर्गाजवळच्या समुद्रात भोकं पाडलेले दगडी नांगर सापडलेत. लोखंड महाग होतं तेव्हा दगडानंच काम भागवलं.

पण नांगराला तळ लागावा लागतो. पाणी खोल असलं आणि दोर पुरला नाही, तर? १७८५ साली अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी यावर लिहिलं. पतंग उडवून विजेचा शोध घेणारे तेच हे गृहस्थ. त्यांनी तळाला न टेकणारा नांगर सुचवला: एक पतंगासारखा, काड्यांवर कापड ताणलेला, दुसरा छत्रीसारखा. वाऱ्यात छत्री उघडली की ती आपल्याला ओढते ना? पाण्यात तेच उलटं होतं. छत्रीत पाणी अडतं, दोर ताणला जातो आणि होडीचा वेग कमी होतो.

उजनीत याचं मोल जास्त. १९८० च्या सुमारास धरण झालं आणि गावं, देवळं, झाडं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं. अशा तळाशी नांगर अडकला तर दोर कापण्याशिवाय गत नाही. आणि वारा? २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. एक जण पोहून काठाला लागला.

त्या दिवशी कशानं काय वाचलं असतं, हे आम्ही सांगणार नाही. पण होडी वाऱ्याला आडवी झाली की लाटा कडेवरून आत येतात, एवढं प्रत्येक मासेमाराला ठाऊक आहे. तिचं तोंड वाऱ्याकडे राहिलं पाहिजे. आपल्या घरचा माणूस जाळं घेऊन जात असेल, तर होडीत एक मजबूत बादली आणि लांब दोर जास्तीचा ठेवायला सांगा. बादलीची कडी ताणानं निसटते, म्हणून दोर बादलीच्या अंगालाही गुंडाळायचा. तो होडीच्या पुढच्या टोकालाच बांधायचा. मागे बांधला तर लाट मागून आत येते. बादलीच्या बुडाला दुसरी बारीक दोरी बांधायची. काढताना तीच ओढायची, म्हणजे बादली उलटी होऊन रिकामी वर येते आणि हात भरून येत नाहीत.

आभाळ काळं झालं असेल, तर मात्र बादली घरीच राहू द्या आणि माणूसही.