परमुलखातील मार आणि बहिणाबाईंची साक्ष

कन्नड तालुक्याचे नाव निघाले की प्रवाशास पितळखोऱ्याची लेणी आणि गौताळ्याचे अरण्य आठवते. याच तालुक्यातील देवगाव (रंगारी) येथे १६२८ च्या सुमारास संत बहिणाबाईंचा जन्म झाला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या निराळ्या.) तुकोबांच्या या शिष्येने आपले चरित्र अभंगांतून स्वतःच सांगून ठेवले आहे. जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनरी विद्वानाने त्याचा इंग्रजी अनुवाद १९२९ साली पुण्याहून प्रसिद्ध केला. आपण हे संतचरित्र म्हणून वाचतो. त्यात घरच्या मारहाणीची एका स्त्रीने स्वमुखाने दिलेली साक्षही आहे, तिकडे मात्र आपले दुर्लक्ष होते.

बहिणाबाईंचे लग्न वयाच्या तिसऱ्या वर्षी झाले. वर गंगाधरपंत पाठक तीस वर्षांचे बिजवर होते. पुढे कर्ज आणि भाऊबंदकी यांमुळे वडील आऊजी कुलकर्णी यांना गाव सोडणे भाग पडले. मुलगी, जावई यांसह ते कुटुंब रातोरात बाहेर पडले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत ते कोल्हापुरास पोचले आणि एका ब्राह्मणाच्या घरी आश्रयाने राहिले. बाहेरून पाहणाऱ्यास ती तीर्थयात्रा दिसली असेल. आत ते परागंदा झालेले, परान्नावर जगणारे घर होते.

कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने चालत. अकरा वर्षांची बहिणा आपल्या लाडक्या वासरासह कीर्तनास जाई. एकदा स्वामींनी तिच्या मस्तकावर हात ठेवून तिचे कौतुक केले. ती वार्ता नवऱ्याच्या कानी गेली. त्याने तिची वेणी धरून तिला बेदम मारले आणि बांधून ठेवले. आईबाप त्याच घरात होते, यजमानही होते. पुढे ती गरोदर असताना तिला टाकून जाण्याचा निश्चयही त्याने केला. तो स्वतः आजारी पडला, तेव्हा कोठे त्याचे मन पालटले आणि ते सारे देहूस आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी असे आम्हांस वाटते. प्रवासाने त्या पुरुषास क्रूर केले नाही; क्रौर्य त्याच्यासोबतच निघाले होते. मात्र प्रवासाने मुलीभोवतीचे कुंपण काढून घेतले. देवगावी शेजार होता, गोत होते. परमुलखात आईबापांचे पायही जावयाच्या भिक्षुकीवर उभे होते. ज्याच्यावाचून पुढची वाट सरणार नाही, त्याचा हात कोण धरणार?

ही स्थिती इतिहासजमा झालेली नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारे नवराबायको ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात आणि उचल त्या जोडीवर घेतली जाते. सहलीस गेलेल्या जोडप्याच्या लॉजचे दारही आतून बंद होते. तिकीट, पैसे आणि फोन पुष्कळदा एकाच्याच हाती असतात.

कायद्याने ही अडचण उशिरा का होईना ओळखली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम २७ प्रमाणे पीडित स्त्री जेथे तात्पुरती राहत असेल, तेथील दंडाधिकाऱ्याकडेही तिला दाद मागता येते. सासरच्या क्रूरतेविरुद्धची फौजदारी तक्रार तिने जेथे आसरा घेतला तेथेही होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले. म्हणजे आजच्या बहिणेस न्यायासाठी कोल्हापुराहून देवगावी परतावे लागणार नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांकही तिच्यासाठी आहे.

बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावरही अभंग रचले. त्यांचे बोट धरून आम्ही धर्मोपदेशक, मग ते कोणत्याही वेदीपुढचे असोत, पिचलेल्या स्त्रीस ‘सहन कर, देव पाहतो आहे’ असे सहज सांगून जातो. पण बहिणाबाईंनी मार लपविला नाही. पतीविषयी आदर राखूनही त्याने काय केले, ते त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी नोंदवून ठेवले. त्यांच्या सहनशीलतेचा दाखला देणाऱ्याने त्यांच्या या स्पष्टोक्तीचाही दाखला द्यावा. आणि परगावचे एखादे कुटुंब आपल्या आश्रयास आले, तर भाकरीबरोबर त्यातील मुलीच्या चेहऱ्याकडेही पाहावे. कोल्हापूरच्या त्या घरी नेमके तेच राहून गेले.