कामगार संघटना व रोजगारांचे परदेशी स्थलांतर (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

उत्पादनखर्च, विशेषतः मजुरीवरील खर्च, कमी करण्यासाठी उद्योगसंस्था आपले उत्पादन वा सेवाकार्य परदेशी हलवितात, तेव्हा मायदेशातील रोजगार घटतो. या प्रक्रियेस आळा घालण्याचे किंवा तिची झळ सौम्य करण्याचे अमेरिकन कामगार संघटनांचे प्रयत्न मुख्यतः १९६० नंतरचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन उद्योगांना प्रबळ स्पर्धक उरले नव्हते. त्यामुळे १९५५ मध्ये स्थापन झालेला ‘एएफएल-सीआयओ’ हा महासंघ आरंभी खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता होता. १९६२ च्या व्यापारविस्तार अधिनियमास त्याने पाठिंबा दिला. आयातीमुळे बेकार होणाऱ्या कामगारांस भत्ता व पुनःप्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात होती. तथापि तिच्या अटी इतक्या कडक होत्या, की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही.

दरम्यान मेक्सिकोने १९६५ मध्ये सीमावर्ती औद्योगिकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. अमेरिकन सुटे भाग परदेशी जोडून परत आणल्यास केवळ तेथील मूल्यवृद्धीवरच जकात पडे. आरसीए या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. कॅमडेन (न्यू जर्सी) येथे संघटना बळावल्यानंतर कंपनीने १९४० पासून ब्लूमिंग्टन (इंडियाना) येथे व १९६० नंतर मेंफिस आणि मेक्सिकोतील सिउदाद ह्वारेस येथे उत्पादन नेले. ब्लूमिंग्टनचा कारखाना १९९८ मध्ये बंद झाला.

संघटनांचा पहिला मोठा प्रतिकार कायद्याच्या मार्गाने झाला. १९७१ मध्ये मांडलेल्या बर्क-हार्टके विधेयकात आयातीचे कोटे, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या परदेशी नफ्यावर वाढीव कर, भांडवल व तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण आणि उपर्युक्त जकात-सवलत रद्द करणे या तरतुदी होत्या. ते संमत झाले नाही. मात्र १९७४ च्या व्यापार अधिनियमाने बेकारांच्या साहाय्याच्या अटी शिथिल केल्या. स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या धंद्यातील कामगार संघटनेने १९७५ मध्ये संघटनेची खूणचिठ्ठी पाहूनच कपडे घेण्याचे आवाहन दूरचित्रवाणीवरून केले. १९८८ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांवर कारखाना बंद करण्यापूर्वी ६० दिवसांची सूचना देण्याचे बंधन आले. ही सूचना बंदी थांबवीत नसे. कामगाराला सावरण्यास केवळ अवधी देई.

उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराविरुद्ध (नाफ्टा) संघटनांनी मोठी चळवळ उभारली. तरीही प्रतिनिधिगृहाने १९९३ मध्ये तो २३४ विरुद्ध २०० मतांनी मंजूर केला. याच सुमारास दुसरा विचारप्रवाह पुढे आला. मेक्सिकन कामगार हा प्रतिस्पर्धी नसून, त्याची मजुरी वाढल्याखेरीज अमेरिकन रोजगार सुरक्षित राहणार नाही, असे तो मानी. विद्युत्-कामगारांच्या ‘यूई’ संघटनेने १९९२ मध्ये मेक्सिकोतील स्वतंत्र कामगार आघाडीशी सहकार्य सुरू केले.

पुढे सेवाक्षेत्रातील कामेही भारतासारख्या देशांकडे वळू लागली. परंतु साहाय्ययोजना वस्तूंच्या उत्पादनाशी निगडित असल्याने सेवाक्षेत्रातील कामगारांना तिचा लाभ २००९ मध्येच खुला झाला. ही योजना २०२२ मध्ये खंडित झाली.

नाफ्टाच्या जागी २०२० मध्ये आलेल्या करारात संघटनस्वातंत्र्याच्या भंगाची कारखानानिहाय चौकशी करण्याची तरतूद आहे. तिच्या आधारे सिलाओ (मेक्सिको) येथील मोटार-कारखान्यात कामगारांनी जुना करार नाकारला व फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र संघटना निवडली. त्याच वर्षी त्यांना ८.५ टक्के वेतनवाढ मिळाली.

जकात, कोटे व खूणचिठ्ठी या उपायांनी स्थलांतर थांबले नाही, आणि भत्त्याने गेलेला रोजगार परत आला नाही. भांडवल सीमा ओलांडते, संघटनेची कायदेशीर सत्ता मात्र सीमेपाशी संपते, ही या लढ्यातील मूळ अडचण होय. सिलाओसारख्या प्रयत्नांचे महत्त्व, त्यांचे क्षेत्र मर्यादित असले तरी, याच संदर्भात आहे.