फड्या

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो. आमचं गाव नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच.) बांधावर एकुलता एक फड्या निवडुंग दिसला म्हणून आजोबांना विचारलं, हा जुना का? म्हणाले, "माझ्या बापाच्या टायमाला गावाभोवती माणूस घुसायचा नाही इतका होता. मग त्याला पांढरा कापूस लागला अन् कुजून गेला."

कापूस? डोक्यात किडा वळवळला. पुण्याला परतल्यावर रविवार त्यातच गेला. आणि खरंच किडाच निघाला!

मुळात फड्या आपला नाहीच, तो अमेरिका खंडातला. पण जिथे जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस तिथे हा पठ्ठ्या मजेत. त्याची युक्ती मला फार आवडली. बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यातच पाणी घालवून बसतात. हा रात्रीच्या गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून त्याचं अन्न करतो. आपण बॅच जॉब रात्री लावतो, तसंच :) आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर खोड. पानांचे झाले काटे. तुकडा मोडून पडला तरी मूळ धरतो.

आता किड्याची गोष्ट. कोचिनियल नावाचा किडा फड्यावर जगतो, अंगाभोवती पांढरा कापूस गुंडाळून. चिरडला की लालभडक रंग. या रंगावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडायला ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसनच्या देखरेखीखाली निवडुंगाची बाग केली. १७९५ साली कॅप्टन नीलसनने ब्राझीलहून किडे आणले, पण निघाले भलत्याच जातीचे. रंग हलका. वर ज्या निवडुंगावर सोडले तोच फस्त केला. निवडुंगाच्या दुसऱ्या जातींना मात्र त्यांनी तोंड लावलं नाही, आणि त्या मोकाट पसरल्या. चक्क व्हर्जन मिसमॅच!

शेवटी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणला, मुद्दाम निवडुंग मारायलाच. काही वर्षांत दक्षिणेत हजारो एकर जमीन मोकळी झाली. पणजोबांनी पाहिला तो 'कापूस' या किड्याचाच असणार. लोक खूश झाले असतील. रान मोकळं झालं, वाटा सुटल्या. (पुण्यातल्या निवडुंग्या विठोबाचं नाव घेताना तिथे काय रान असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.)

पण दख्खनच्या दुष्काळांत हाच फड्या जाळावर धरून, काटे भाजून, चिरून जनावरांना घालत. त्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. नुसता घातला तर ढोरं हगतात, म्हणून कडबा मिसळायचा. पोट भरतं असं नाही, पण जीव तगतो.

१९७२ ला आमच्या आजोबांकडे ना कडबा होता ना फड्या. स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. बैलजोडी मातीमोल विकली. हे सांगताना ते अजून बैलांची नावं घेतात. फड्या असता तर बैल वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. पण तो काढून टाकताना त्याच्या जागी वैरणीची सोय कुणी केली नव्हती एवढं खरं.

असो. आता गंमत अशी की, उरुळी कांचनच्या बाएफने बिनकाट्याचा निवडुंग चारा म्हणून लावायला दिलाय, आणि २०२२ पासून केंद्र सरकारही पाणलोटाच्या कामात निवडुंग लावा म्हणतंय. रात्री उत्साहाने आजोबांना फोन करून सांगितलं.

ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "काटे नाहीत? मग शेळ्या ठेवतील का त्याला? त्याला कुंपण कशाचं घालायचं?"