काजळीने रेखलेले मन

चित्र म्हटले की आपल्याला तैलरंग, कुंचले आणि कॅनव्हास आठवतात. बिहारमधील मिथिलेच्या बायकांजवळ यांतले काहीच नव्हते. शेणाने सारवलेली घराची भिंत हाच त्यांचा कागद. दिव्याची काजळी, हळद आणि वाटलेले तांदूळ हे रंग. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला की कुंचला तयार! लग्नघरी वधूवरांच्या खोलीत, म्हणजे कोहबरात, त्या कमळ, बांबू, मासे, पोपट अशी मंगल चित्रे काढीत. काढणारीचे स्वतःचे सुखदुःख मात्र त्यात कोठेच येत नसे.

१९६६-६७ साली तेथे मोठा दुष्काळ पडला. बायकांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून श्रीमती पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार श्री. भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठविले. त्यांनी बायकांना कागद दिले व भिंतीवरचे चित्र कागदावर काढावयास सांगितले. आपल्याकडील वारली चित्रे बाहेरच्या जगापुढे आणण्यातही याच कुलकर्ण्यांचा वाटा आहे.

या बायकांपैकी गंगादेवी (जन्म १९२८) हिची कथा प्रत्येक भगिनीने ऐकावी अशी आहे. तिला मूल नव्हते. नवऱ्याने दुसरी बायको केली. अशा वेळी हातातली रेघच तिचा आधार झाली. १९८४ साली तिला 'पद्मश्री' मिळाली. पुढे कॅन्सरने गाठले, तेव्हा तिने रुग्णालय, डॉक्टर आणि आजारी अशी स्वतः, हे सर्व कागदावर रेखिले. कोहबर रंगविणाऱ्या त्याच बारीक रेषांनी तिने आपले दुखणे सांगितले. एकीकडे उपचार चालू असताना दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात तिने एक अख्खी खोली कोहबर म्हणून रंगविली. १९९१ साली ती निवर्तली.

ती खोली २०१५ साली डागडुजीच्या कामात नष्ट झाली. स्वतःला न लाभलेले सौख्य जिने इतरांसाठी भिंतीवर मांडले, तिची भिंतही टिकली नाही. आजारपणाची चित्रे मात्र कागदावर होती, म्हणून ती राहिली.

भगिनींनो, आपल्या घरीही सासूबाईंची गोधडी, आईने भरलेला रुमाल, आजीच्या हातची रांगोळीची वही असेल. जुने म्हणून टाकून देण्यापूर्वी ते एकदा उलगडून पाहावे. तोंडाने जे कधी बोलल्या नाहीत, ते कदाचित त्यांनी तेथे लिहून ठेविले असेल.