नीरा-भीमेच्या मुलुखांतील दोन देवस्थानें

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय भागांत बारामती व इंदापूर हे दोन तालुके आहेत. दक्षिणेकडून नीरा येते, उत्तरेकडून भीमा. दोहोंचा संगम इंदापूर तालुक्यांत नरसिंगपुरास होतो. भोसल्यांच्या जहागिरींतील सुपें परगण्यामुळें हा मुलूख शिवकालाच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु तो परिचय बहुतांशीं कागदांतून झालेला. कागदांचा आधार जेथें सुटतो, त्या चालुक्य-यादवकालाकडे जावयाचें तर देवळांच्या आवारांतील दगडांकडेच वळावें लागतें. हे दगड साधन म्हणून कितपत उपयोगी पडतात, आणि त्यांचा उपयोग कशामुळें नष्ट होतो, हें दाखविण्यास लोणी भापकर व पळसदेव हीं दोन स्थळें पुरेशीं आहेत.

लोणी भापकर हें गांव बारामती तालुक्यांत मोरगांवच्या बाजूस आहे. येथें मल्लिकार्जुनाचें जुनें देवालय असून त्याच्या जवळ दगडी बांधणीची पुष्करिणी आहे. पुष्करिणीच्या भिंतींत देवकोष्ठें केलेलीं आहेत व कांठावर कोरीव स्तंभांचा मंडप आहे. स्नानास उतरणाऱ्याला पाण्यापाशींच देवतांचें दर्शन घडावें, अशी ही योजना. याच ठिकाणची यज्ञवराहाची मूर्ति विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. मनुष्यदेह व वराहमुख असा नृवराह येथें नसून संपूर्ण पशुरूप आहे, आणि त्याच्या अंगावर विष्णूच्या लहान लहान आकृति ओळीनें कोरल्या आहेत. वराहाचे पाय म्हणजे वेद, दाढा म्हणजे यूप, जिव्हा म्हणजे अग्नि, असें विष्णुपुराणांत यज्ञवराहाचें वर्णन आहे. तें ध्यानीं घेतलें म्हणजे या मूर्तीचें महत्त्व कळतें.

आतां शंका अशी कीं, शिवालयाच्या परिसरांत ही वैष्णव मूर्ति कां असावी? ती मूळची पुष्करिणीच्या मंडपांतील असावी, असें सुचविलें जातें. तें संभवनीय आहे. पण सिद्ध करावयाचें तर मूर्तीची बैठक व मंडपाची फरशी यांचीं मापें जुळवून पाहिलीं पाहिजेत. मूर्ति जागेवर असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

गांवांतील वीरगळांचीही गोष्ट अशीच. वीरगळ खालून वर वाचावा लागतो. तळाच्या चौकटींत वीराचें युद्ध व मरण. तेथें गाई कोरल्या असतील तर गोधनाच्या रक्षणार्थ तो पडला, असें समजावें. त्यावर अप्सरा त्यास स्वर्गीं नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाचें पूजन करीत असतो, आणि माथ्यावर सूर्यचंद्र असतात. सतीशिळेवर कोपरांत वाकलेला, बांगड्या भरलेला उभा हात असतो. महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाहीं. म्हणून त्यांचा काळ शस्त्रें, वस्त्रें व कोरणीची धाटणी यांवरून, आणि कोणत्या देवळाजवळ वा शिवेवर ते उभे आहेत, यावरून ठरवावा लागतो. दप्तराच्या रुमालांतून सुटून पडलेल्या तारीखहीन कागदाची जी अवस्था, तीच जागेवरून हललेल्या वीरगळाची. जीर्णोद्धाराच्या वेळीं हे दगड ओट्यांत बसविले जातात, शेंदराखालीं वा तैलरंगाखालीं झांकले जातात. त्यांत अनादर नसतो, श्रद्धाच असते, पण साधन मात्र नष्ट होतें.

इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथें याहून मोठें स्थलांतर घडलें. येथील शके १०७९ (इ. स. ११५७) चा शिलालेख शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ सालच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथांत आहे. म्हणजे मराठीच्या आरंभकालीन लेखांत या गांवाचें स्थान आहे. पुढें भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि जुनें पळसदेव जलाशयाखालीं गेलें. वस्ती पुणें-सोलापूर रस्त्याच्या बाजूस हलली. देवासाठीं नवें देऊळ झालें. जुनें पळसनाथाचें देवालय मात्र पाण्यांतच राहिलें. दुष्काळांत जलाशय ओसरला कीं तें उघडें पडतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत असेंच झालें. त्या वेळीं दर्शनास व पाहण्यास पुष्कळ लोक जातात, आणि पावसाळा आला कीं दगड पुन्हां पाण्याखालीं जातात. दर वेळीं ओल व ऊन यांच्या फेऱ्यानें कोरणी झिजते, आणि जो दगड गाळांत सरकला तो पुढील खेपेस त्याच जागीं सांपडेल असा भरंवसा नाहीं.

यासाठीं संग्राहकांस विनंती अशी कीं, असे दगड आपल्या संग्रहीं आणण्याचा मोह आवरावा व त्यांची टिपणें संग्रहीं आणावीं. प्रत्येक दगडाची उंची-रुंदी, चौकटींची संख्या, तोंड कोणत्या दिशेस, देवळापासून अंतर किती, अक्षर असल्यास कागदी ठसा, आणि छायाचित्र, एवढें एका पानावर मावतें. लोणी भापकरचें काम कोणत्याही ऋतूंत होईल. पळसदेवास तशी सवलत नाहीं. तेथें पाणी उतरतें त्या थोड्या आठवड्यांतच तें उरकलें पाहिजे, म्हणून कागद, शाई व माणसें यांची सिद्धता आधींच करून ठेवावी.