मास्टर नको, बॉस म्हणा

अमेरिकेत नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मी आमच्या साहेबांना "सर" म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "सर म्हटलंस की माझे वडील मागे येऊन उभे राहिलेत असं वाटतं. मला नावाने हाक मार." आता साठीला आलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ काही उचलेना. मग महिनाभर मी त्यांना कुठलीच हाक मारली नाही. काम असलं की जाऊन टेबलासमोर उभा राहायचो. पण गंमत म्हणजे हेच साहेब जागेवर नसले की सगळे एकमेकांना विचारायचे, "बॉस कुठे गेला?"

तोंडावर नाव आणि पाठीमागे बॉस. हा शब्द मला तोवर पक्का इंग्रजी वाटत होता. तो आहे डच. मूळ शब्द 'बास' आणि अर्थ सरळ, मालक किंवा धनी. आज ज्याला न्यूयॉर्क म्हणतात तिथे १६२४ पासून डचांची वसाहत होती. १६६४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि नाव बदललं. माणसं मात्र तिथेच राहिली, आणि त्यांचे शब्दही. ब्रुकलिन आणि हार्लेम ही नावं डच आहेत. आमच्या ऑफिसात चहाबरोबर मिळणारी कुकीसुद्धा डचच.

पण कुकी पसरली कारण ती गोड होती. बॉस का पसरला? इंग्रजीत त्या अर्थाचा चांगला 'मास्टर' हा शब्द होताच की. इंग्लंडमध्ये कामगार आपल्या मालकाला मास्टर म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अमेरिकेत मात्र मास्टर म्हणजे गुलामांचा मालक. रोजंदारीवर काम करणाऱ्या गोऱ्या सुताराने किंवा लोहाराने आपल्या मालकाला मास्टर म्हटलं, की तो स्वतः कोण ठरला? तेव्हा त्याने शेजारच्या डचांचा शब्द उचलला. काम तेच, मजुरी तीच, हुकूमही तोच. फक्त हाक वेगळी.

अगदी हाच प्रकार 'नोकर' या शब्दाचा. फ्रान्सिस ट्रोलप या इंग्रज बाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक १८३२ मध्ये आलं. त्यात त्यांनी तक्रार केली आहे की इथल्या मोलकरणींना नोकर म्हटलेलं अजिबात खपत नाही, 'हेल्प' म्हणजे मदतनीस म्हणावं लागतं. जेम्स फेनिमोर कूपर हा तर अमेरिकनच लेखक. त्याने १८३८ मध्ये या दोन्ही शब्दांवर तोंडसुख घेतलं. त्याचं म्हणणं असं, की मास्टर नको म्हणून तुम्ही बॉस म्हणता, पण डच भाषेत त्याचा अर्थ मास्टरच होतो! कूपर जरा खडूस होता, पण व्याकरणाच्या दृष्टीने त्याचं चुकलं नव्हतं. त्याला कळलं नाही ते एवढंच, की लोक शब्दकोश बघून मान ताठ ठेवत नाहीत.

मुद्दा आणखी एक आहे. ज्या डचांचा शब्द स्वच्छ म्हणून घेतला, ते स्वतः न्यूयॉर्कमध्ये गुलाम बाळगून होते. तिथली गुलामी कायद्याने संपायला १८२७ साल उजाडलं, आणि सगळ्या देशातली संपायला १८६५.

याच 'बास'चा दुसरा भाऊ दक्षिण आफ्रिकेत गेला. डच कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणं उभारलं. तिथे गुलाम म्हणून आणलेल्यांत मलबार, कोरोमंडल आणि बंगालमधली आपली माणसंही होती. तिथे 'बास' हा शब्द काळ्या माणसाने गोऱ्याला म्हणायचा, आणि न म्हणून सांगतो कुणाला! मालकाच्या शेंबड्या पोरालासुद्धा 'क्लाइनबास', म्हणजे धाकले धनी, म्हणावं लागे. १९५४ ते १९५८ पंतप्रधान असलेल्या स्ट्रायडमच्या काळात गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या धोरणाला नावच 'बासकॅप' होतं. एका देशात ज्या शब्दाने माणूस गुलामापासून वेगळा झाला, दुसऱ्या देशात त्याच शब्दाने माणसाला खाली बसवलं.

इकडे अमेरिकेत बॉस कारखान्यातून राजकारणात शिरला. न्यूयॉर्कचा 'बॉस' ट्वीड याने शहराच्या तिजोरीवर असा हात मारला की आपल्याकडच्या मुरलेल्या नगरसेवकांनीही वही घेऊन बसावं. १८७३ मध्ये तो दोषी ठरला, पुढे १८७५ मध्ये कैदेतून पळाला आणि स्पेनला पोचला. तिथे त्याला ओळखलं ते टॉमस नास्टच्या व्यंगचित्रावरून. १८७८ मध्ये तो तुरुंगातच वारला.

आज बॉसला पर्याय पुष्कळ आहेत. एम्प्लॉयर हा बहुधा कंपनीच असतो, त्याला चेहरा नसतो. फोरमन म्हणजे आपला मुकादम. मॅनेजर हा तक्त्यातला एक चौकोन. 'स्ट्रॉ बॉस' म्हणजे हाताखाली माणसं आहेत पण अधिकार काही नाही असा बिचारा. सुट्टी द्यायची की नाही हे ठरवतो तो बॉस. आणि बाईने तेच ठरवलं की तिला 'बॉसी' म्हणतात, हेही इथेच शिकलो.

मास्टरचं आमच्या धंद्यात मात्र अलीकडेपर्यंत छान चाललं होतं. एक डिस्क मास्टर, दुसरी स्लेव्ह, असं आम्ही बिनदिक्कत लिहायचो. २००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना अशी लेबलं टाळायला सांगितली तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. २०२० मध्ये गिटहबने नव्या कामाच्या मुख्य शाखेचं नाव मास्टरऐवजी 'मेन' केलं, तेव्हा कुणी फारसं हसलं नाही. आपल्याकडे मात्र मास्टरचा मास्तर होऊन तो शाळेत, पोस्टात आणि स्टेशनात गेला. तिथे त्याचा दरारा होता, पण पगार बेताचाच.

आणि 'साहेब'? अरबीत 'साहिब' म्हणजे मुळात सोबती. धनी हा अर्थही त्याला पुढे चिकटला आणि हिंदुस्थानात तोच वर चढला. म्हणजे पाहा, सोबत्याचा झाला साहेब. उलट डचांचा धनी मुंबईला आला आणि "काय बॉस, सरका जरा" म्हणत लोकलच्या दारात कुणाचाही दोस्त झाला.

त्या पहिल्या नोकरीत मी चौथ्या वर्षी पोचलो तेव्हा मंदी आली. एका शुक्रवारी आम्हा काही जणांना एका खोलीत बोलावलं. साहेबांनी प्रत्येकाला अगदी मायेने, नावाने हाक मारून लिफाफा दिला. मीही त्यांना नावानेच "थँक्यू" म्हणालो, तोवर जीभ सरावली होती.

रात्री घरी फोन केला. बाबांनी बत्तीस वर्षं एकाच कारखान्यात काढली, आणि साहेबाचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "पण तुमच्या साहेबाशी तर तुझं अरे-तुरेचं होतं ना?"

मी म्हटलं, "हो बाबा, होतं."