शाळेच्या बसमध्ये जन्मलेली भाषा

सहावीत असताना आमच्या वर्गाला करपल्लवीचं वेड लागलं होतं. हाताचा फणा केला की स्वर, पंजा कमळासारखा उमलवला की क-वर्ग, बोट गरगर फिरवलं की च-वर्ग. मग वर्गातलं कितवं अक्षर ते तितकी बोटं दाखवून सांगायचं. 'चल' एवढं म्हणायला आधी चक्र, एक बोट, मग य-र-ल-व ची खूण आणि तीन बोटं. मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून निरोप निघायचा आणि तो पूर्ण होण्याआधी मास्तर पुन्हा आमच्याकडे वळलेले असायचे.

या खेळामुळे खुणांच्या भाषेबद्दल माझा जो गैरसमज झाला, तो पुढे कित्येक वर्षं टिकला. बोलायची ती मराठीच, फक्त तोंडाऐवजी हातानं, अशी माझी समजूत होती. करपल्लवीपुरती ती बरोबरही आहे. तिला मराठी आधी यावी लागते, अक्षरओळखही लागते. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, तोही आकड्यांचाच संकेत. पण जन्मापासून ज्याच्या कानावर मराठीचा एक शब्द पडलेला नाही, त्या मुलाला करपल्लवीचा काय उपयोग? कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेचं कूळच निराळं आहे. त्यातल्या एका भाषेचा तर जन्म अभ्यासकांना जवळजवळ डोळ्यांदेखत पाहता आला.

ही गोष्ट मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची. 1970 च्या दशकापर्यंत तिथली कर्णबधिर मुलं आपापल्या घरीच असत, एकमेकांना भेटण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक घरानं आपल्यापुरत्या काही खुणा ठरवलेल्या. जेवणाची एक, झोपेची एक, अमक्या काकांची एक. शेजारच्या गल्लीतही त्या चालत नसत. 1977 साली राजधानी मानाग्वात विशेष शिक्षणाची शाळा निघाली आणि पन्नासेक कर्णबधिर मुलं प्रथमच एका छपराखाली आली. 1979 मध्ये क्रांती होऊन सत्ता बदलली, पण शाळा वाढतच गेली. 1980 मध्ये मोठ्या मुलांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा सुरू झाली. 1983 पर्यंत दोन्हींत मिळून चारशेहून जास्त मुलं होती.

शिक्षकांचा बेत वेगळाच होता. मुलांनी ओठांच्या हालचाली वाचायच्या आणि स्पॅनिश बोलायला शिकायचं. शिकवताना बोटांनी स्पॅनिश अक्षरं दाखवायची, म्हणजे त्यांची करपल्लवीच म्हणा. ते फारसं साधलं नाही. मात्र मधल्या सुट्टीत, मैदानावर, घरी जाणाऱ्या बसमध्ये मुलांचे हात थांबत नव्हते. घरोघरच्या खुणा एकमेकींत मिसळल्या, काही टिकल्या, काही गळाल्या. मुलांचं आपसात काय चाललंय ते शिक्षकांना उमगेना. शेवटी 1986 मध्ये सरकारनं जूडी केगल या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं.

केगल यांच्या लक्षात आलं ते असं. थोराड वयात शाळेत आलेल्या मुलांचं खुणांचं बोलणं अडखळत चालायचं. चार-पाच वर्षांची असताना आलेली मुलं त्याच खुणा सफाईनं, नियमानं वापरत होती. म्हणजे धाकट्यांनी थोरल्यांकडून कच्चा माल घेतला आणि व्याकरण आपल्या पदरचं घातलं.

व्याकरण घातलं म्हणजे नेमकं काय केलं, हे पुढे ॲन सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी एक कार्टून दाखवून ते सांगायला लावलं. कार्टूनमधलं मांजर बोलिंगचा जड चेंडू गिळतं आणि उतारावरून गडगडत जातं. ऐकू येणारा माणूस हे बोलता बोलता हातवाऱ्यांनी दाखवतो तेव्हा हात फिरवत फिरवतच खाली नेतो. गडगडणं आणि खाली जाणं एकाच हालचालीत येतं, कारण डोळ्यांना ते तसंच दिसतं. थोरल्या पिढीतले कर्णबधिरही बरेचसे तसंच करत. धाकटे मात्र आधी 'गडगडणं' दाखवत आणि मग वेगळं 'खाली'. चित्र म्हणून पाहिलं तर हे चुकीचंच, मांजर काही आधी जागच्या जागी गडगडून मग खाली गेलं नव्हतं. पण तुकडे सुटे झाले की ते दुसरीकडे जोडता येतात. 'गडगडत वर', 'उड्या मारत खाली', हवं ते. 2004 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हातवारा संपून भाषा कुठे सुरू होते, ते मला इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

भाषा अशा जागोजागी, ज्या त्या मुलांच्या घोळक्यात घडतात, म्हणून त्या एकमेकींसारख्या नसतात. इंग्लंड आणि अमेरिका दोघेही इंग्रजी बोलतात, तरी तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. अमेरिकेत 1817 मध्ये हार्टफर्डला पहिली कायमची शाळा निघाली तेव्हा पॅरिसच्या शाळेतले लोरां क्लेर हे कर्णबधिर शिक्षक तिथे गेले. त्यामुळे अमेरिकी सांकेतिक भाषेचं आजोळ फ्रान्स. तिथली मुळाक्षरं एका हाताची, ब्रिटनची दोन हातांची. आपल्याकडच्या इंग्रजी मुळाक्षरांनाही दोन्ही हात लागतात, तो ब्रिटिशांचा वारसा. शब्द मात्र इथल्या मातीतले आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत 'पुरुष' म्हणताना मिशीला पीळ देतात आणि 'बाई' म्हणताना बोट नाकाला, चमकीच्या जागी लावतात. चमकी न घातलेल्या बाईलासुद्धा हीच खूण, कारण आता ते चित्र राहिलेलं नाही, तो शब्द झाला आहे. मुंबईचा, दिल्लीचा आणि कोलकात्याचा कर्णबधिर माणूस काही शब्द वेगळे वापरतो, पण व्याकरण एकच. मराठी, हिंदी, बंगालीच्या सीमा या भाषेला लागू नाहीत.

निकाराग्वात आणखी एक गोष्ट घडली, ती मला सगळ्यांत थक्क करून गेली. 'त्याला असं वाटतं', 'तिला ठाऊक नाही' अशा, दुसऱ्याच्या मनातलं सांगणाऱ्या क्रियापदांच्या खुणा थोरल्या पिढीकडे फारच कमी होत्या. दुसऱ्याची समजूत चुकीची आहे हे ओळखावं लागणाऱ्या चाचण्यांत ही चांगली कर्ती माणसं चुकायची. पुढे कर्णबधिरांच्या संघटनेत त्यांची धाकट्यांत ऊठबस वाढली. ते शब्द त्यांच्या हातांत आले आणि त्या चाचण्याही त्यांना जमू लागल्या.

2009 मध्ये निकाराग्वानं या भाषेला कायद्यानं मान्यता दिली. 1977 मध्ये त्या शाळेत पहिल्यांदा गेलेली मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत.